नाझीकालीन जर्मन–मराठी कोश : कामाच्या नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

आराखडा आज कागदावर आला. १९३३ ते १९४५ या काळात जर्मन सरकार, पक्ष, वृत्तपत्रं आणि छळछावण्या यांतून जी जर्मन वापरली गेली, तिच्या शब्दांचा मराठी वाचकासाठी कोश. मराठीत हिटलरवर पुस्तकं भरपूर आहेत, ‘माइन काम्फ’चे अनुवाद दुकानांत दर्शनी भागात मांडलेले असतात. पण त्या राजवटीचं एखादं मूळ कार्यालयीन पत्र मराठीत आणायचं म्हटलं की अनुवादक अडतो. शब्द सोपे असतात, जर्मनच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवले जाणारे असतात, आणि तरी पत्रात काय लिहिलंय ते कळत नाही.

हे काम आधी करून ठेवलेल्यांचं ऋण मोठं आहे. हाइन्त्स पेख्टर यांनी न्यूयॉर्कमधून १९४४ सालीच, युद्ध चालू असताना, असा एक शब्दसंग्रह काढला. १९४७ साली व्हिक्टर क्लेम्पेरर यांचं नाझी भाषेवरचं पुस्तक ‘एलटीआय’ बर्लिनमध्ये छापलं गेलं आणि त्याच वर्षी क्राकुफमध्ये नाखमान ब्लुमेंताल यांचं ‘निष्पाप शब्द’ या अर्थाच्या नावाचं पोलिश पुस्तक. १९९८ साली कोर्नेलिया श्मिट्स-बेर्निंग यांचा मोठा जर्मन कोश आला. तो आता माझ्या टेबलावर कायम उघडा असणार.

प्रत्येक शब्दाच्या कार्डावर सहा रकाने ठरवले : १९३३ आधीचा अर्थ, कोणत्या कार्यालयाने वापरला, तारखेसह उतारा, त्या शब्दाखाली कुणाचं काय झालं, १९४५ नंतर शब्दाचं काय झालं आणि मराठी प्रतिशब्द. बाई म्हणाल्या, चौथा रकाना भरल्याशिवाय सहाव्याला हात लावायचा नाही. बाईंनी पुण्यात हयातभर जर्मन शिकवलं. त्यांचं ऐकायचं.

१४ फेब्रुवारी

नमुन्याचं पहिलं कार्ड : झोंडरबेहांडलुंग. शब्दशः ‘विशेष वागणूक’. आजारी माणसाला, पाहुण्याला, हुशार विद्यार्थ्याला देतात ती.

२० सप्टेंबर १९३९ रोजी, पोलंडवर हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने गेस्टापोच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कार्यालयांना परिपत्रक पाठवलं. काही प्रकरणं नेहमीच्या रीतीने हाताळायची, काहींना झोंडरबेहांडलुंग द्यायची. दुसऱ्या प्रकाराचा अर्थ त्याने त्याच परिपत्रकात सांगून टाकला आहे : देहदंड. म्हणजे सुरुवातीला शब्दाचा अर्थ सांगावा लागत होता. मग तो सगळ्यांना ठाऊक झाला. आणि मग तो इतका ठाऊक झाला की शब्द निरुपयोगी ठरला.

हा शेवटचा टप्पा एका पत्रात स्पष्ट दिसतो. मार्च १९४३ मध्ये एसएसचा, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा, संख्याशास्त्रज्ञ रिशार्ड कोरहेर याने युरोपातल्या ज्यूंच्या ‘अंतिम तोडग्या’चा आकडेवारीचा अहवाल एसएसप्रमुख हिमलरला दिला. १० एप्रिल १९४३ रोजी हिमलरच्या स्वीय सचिवाने कोरहेरला कळवलं : ‘ज्यूंना झोंडरबेहांडलुंग’ हे शब्द अहवालात कुठेही येता कामा नयेत. नवव्या पानावरच्या चौथ्या मुद्द्यात त्याऐवजी पूर्वेकडील प्रांतांतून ज्यूंची रशियन पूर्वेकडे वाहतूक झाली असं लिहावं आणि ते छावण्यांतून ‘डुर्खगेश्लॉइस्ट’ झाले असं म्हणावं. दुसरी कोणतीही शब्दयोजना चालणार नाही, हेही बजावलेलं आहे. श्लॉइझं म्हणजे कालव्यावरचं दार, ज्यातून बोटी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर सोडतात. त्या वाक्यापुढचे आकडे : जनरलगुव्हेर्नमांट या जर्मनव्याप्त पोलंडच्या भागातल्या छावण्यांतून १२,७४,१६६ आणि वार्टेगाउ या जर्मनीला जोडलेल्या पोलिश भागातल्या छावण्यांतून १,४५,३०१.

आकडा शेवटच्या एककापर्यंत मोजलेला आणि क्रियापद कालव्याचं. चौथा रकाना भरला : गॅसने मारलं. सहावा रकाना सध्या रिकामा.

२१ फेब्रुवारी

नियम पक्का केला, कोशाच्या पहिल्या पानावर छापायचा. व्याख्येत कृती आली पाहिजे. कर्ता कोण, कर्म कोण, क्रिया काय, हे तिन्ही आले तरच ती व्याख्या. ‘विशेष वागणूक’ किंवा ‘विशेष कारवाई’ असा गुळगुळीत मराठी शब्द दिला, तर हिमलरच्या सचिवाने जे काम जर्मनमध्ये केलं तेच आम्ही मराठीत केलं असं होईल. प्रतिशब्द देऊच, पण व्याख्येच्या खाली, लहान टायपात.

११ मार्च

क्लेम्पेरर यांच्या रोजनिशीवर आठवडाभर आहे. ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात फ्रेंच आणि इतर रोमान्स भाषा-साहित्याचे प्राध्यापक. जन्माने ज्यू, बाप्तिस्मा घेतलेले, पहिल्या महायुद्धात स्वेच्छेने लढलेले. १९३५ साली नोकरी गेली. पत्नी एव्हा ‘आर्य’ म्हणून त्यांचा जीव टिकला. दोघांना घर सोडून ‘युडनहाउस’मध्ये, म्हणजे ज्यूंना कोंबलेल्या इमारतीत, राहावं लागलं. ग्रंथालय बंद, रेडिओ बंद, पुढे टंकलेखनयंत्र गेलं, मांजर पाळण्यावरही बंदी आली आणि त्यांना आपलं मांजर मारवून घ्यावं लागलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं त्याच्याकडे अभ्यासाला उरलं काय, तर आजूबाजूला बोलली जाणारी भाषा. दुकानात, कारखान्यात, घरझडतीला आलेल्या गेस्टापोच्या तोंडून जे कानावर पडेल ते त्यांनी लिहून ठेवलं. सक्तीची मजुरी चहाच्या पाकिटांच्या आणि नंतर कागदी पाकिटांच्या कारखान्यात. तिथले सहकारी त्यांच्याशी बरे वागत, आणि तेच सहकारी राजवटीचे शब्द सहज बोलत. क्लेम्पेररना याचंच सगळ्यात जास्त भय वाटलं असं मला रोजनिशी वाचताना वाटतं. द्वेष न करणाऱ्या माणसाच्या तोंडीही तेच शब्द होते.

लिहिलेली पानं एव्हा ड्रेस्डेनबाहेर पिर्ना गावी नेऊन अॅनेमारी क्योलर या डॉक्टर मैत्रिणीकडे देत असे. पानं सापडली असती तर तिघांचाही जीव गेला असता. पिर्ना हे नाव आमच्या कोशात दुसऱ्या जागीही येतं. गावावरच्या टेकडीवर झोनेनश्टाइनची संस्था होती, तिथे १९४० आणि १९४१ मध्ये मानसिक रुग्ण आणि अपंग मिळून तेरा हजारांहून अधिक माणसं गॅसने मारली गेली. त्या हत्येसाठी हिटलरच्या पत्रातला शब्द आहे ‘ग्नाडनटोड’, कृपामृत्यू. पत्रावर तारीख १ सप्टेंबर १९३९, युद्ध सुरू झालं त्या दिवसाची.

एकाच गावात एका घरी शब्द जपून ठेवले जात होते आणि टेकडीवर त्या शब्दांचा वापर चालू होता. ‘ग्नाडनटोड’च्या कार्डात मी दोन्ही लिहिलं. बाईंनी विचारलं, कोशात हे बसतं का? मला बसतं असं वाटतं. चर्चा राहिली.

१९ मार्च

ग्लाइखशाल्टुंग झालं. विजेच्या कामातली संज्ञा, वेगवेगळे प्रवाह एका तालात आणणं. ३१ मार्च १९३३च्या कायद्याने प्रांतांची विधिमंडळं राइखशी, म्हणजे केंद्रीय जर्मन राज्याशी, ‘एका तालात’ आणली. मग कामगार संघटना, शिक्षक संघटना, गायनमंडळं, क्रीडामंडळं. व्यवहारात याचा अर्थ मंडळाचा निवडून आलेला अध्यक्ष घालवून पक्षाचा माणूस बसवणं आणि ज्यू सभासदांची नावं कमी करणं. बऱ्याच मंडळांनी सांगण्याची वाटही पाहिली नाही. ते कार्डात ठळक यायला हवं.

फानाटिश : आधी निंदेचा शब्द, धर्मवेडा अशा अर्थाचा. राजवटीने तो शाबासकीचा केला. ‘फानाटिश’ निष्ठा, ‘फानाटिश’ लढा. पराभव जसा जवळ येत गेला तसा वापर वाढला. लहान कार्ड, पण महत्त्वाचं.

८ एप्रिल

एका प्रतीच्या चौकशीसाठी जर्मनीतल्या एका ग्रंथालयात फोन केला. आडनाव अक्षर-अक्षर सांगत होतो तर पलीकडच्या बाईंनी मदतीला म्हणून सहज विचारलं, ‘एन, नॉर्डपोलचा?’ आपण फोनवर ‘क कमळाचा’ म्हणतो, तसाच त्यांचा तक्ता आहे. मी हो म्हटलं, काम झालं आणि फोन ठेवल्यावर सबंध संध्याकाळ त्या तक्त्यात गेली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून या तक्त्यात ‘एन’साठी नाव होतं नाथान. ‘डी’साठी डाविड, ‘एस’साठी झामुएल, ‘झेड’साठी त्साखारियास. बायबलमधली नावं. मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, रॉस्टॉकमधल्या एका नागरिकाने टपाल खात्याला पोस्टकार्ड लिहिलं की देशात आता जे घडतंय ते पाहता ही ज्यू नावं टेलिफोनच्या पुस्तकात शोभत नाहीत. वरून हुकूम आलेला नव्हता. एका टेलिफोनधारकाचं कार्ड. १९३४ साली नवा तक्ता आला : डाविडची डोरा झाली, नाथानचा नॉर्डपोल म्हणजे उत्तर ध्रुव, झामुएलचा झीगफ्रीड, त्साखारियासचं त्सेपलीन.

युद्धानंतर झामुएल आणि त्साखारियास अधिकृत तक्त्यात परत आले, नाथान आणि डाविड आले नाहीत. लोकांच्या तोंडी झीगफ्रीडही तसाच राहिला. २०२२ साली जर्मन मानकसंस्थेने कार्यालयीन वापरासाठी शहरांच्या नावांचा नवा तक्ता काढला, पण तोंडाची सवय मानकाने बदलत नाही. त्या बाईंच्या मनात काही नव्हतं, त्या भल्या होत्या आणि मला हवी ती प्रत त्यांनीच मिळवून दिली.

कोशात ‘नॉर्डपोल’ घ्यायचा. शत्रू, रक्त, वंश या शब्दांच्या शेजारी उत्तर ध्रुव. वाचक या नोंदीशी थांबेल, आणि त्याने थांबायलाच हवं. नावांच्या नोंदींत त्याच्यालगत १७ ऑगस्ट १९३८चा हुकूमही घातला : ज्यू पुरुषांनी आपल्या नावाला ‘इस्राएल’ आणि स्त्रियांनी ‘सारा’ जोडायचं, १ जानेवारी १९३९पासून. तक्त्यातून नावं काढली आणि माणसांवर नावं लादली, मध्ये चार-पाच वर्षांचं अंतर.

२६ एप्रिल

५ जून १९४२चं टिपण. राइख सुरक्षा मुख्यालयाचा वाहन विभाग. वर ‘गेहाइमं राइखझाखं’, म्हणजे सर्वोच्च गोपनीयतेचा शिक्का. विषय : ‘विशेष गाड्यां’मध्ये तांत्रिक फेरफार.

बर्लिनमध्ये शिकणाऱ्या भाचीने स्कॅन मिळवून दिला. पहिल्या वाचनात ते कुठल्याही कारखान्याचं टिपण वाटतं. पहिलं वाक्य असं : डिसेंबर १९४१पासून तीन गाड्यांच्या साहाय्याने उदाहरणार्थ ९७,००० फेरआर्बाइटेट झाले, गाड्यांत कोणताही दोष न आढळता. फेरआर्बाइटेन म्हणजे प्रक्रिया करणं. दुधावर, लाकडावर, लोकरीवर करतात ती. वाक्यात नाम नाही. ९७,००० काय, ते लिहिलेलंच नाही.

पुढे क्रमांक घालून सुधारणा सुचवल्या आहेत. मालाची जागा कमी करावी, म्हणजे गाडी लवकर भरून निघेल. जमिनीला झाकणासह निचऱ्याचं भोक ठेवावं, साफसफाई सोपी होईल. आतल्या दिव्यांना जाळीचं संरक्षण द्यावं. दिवे हवेत, कारण दारं बंद होऊन अंधार झाला की ‘लाडेगूट’ उजेडाकडे, दाराकडे झेप घेतं आणि दार लावणं अवघड जातं. लाडेगूट म्हणजे गाडीत भरलेला माल.

माल झेप घेत नाही. अंधार झाला म्हणून दाराकडे धावतात ती माणसं. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं, म्हणून तर त्याने दिव्यांची शिफारस केली. सबंध टिपणात हे एकच वाक्य असं आहे की जिथे झाकलेलं सगळं उघडं पडतं, आणि तेही लिहिणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध, कारण दिव्यांचं कारण द्यायचं तर भीती सांगावीच लागते.

‘फेरआर्बाइटेन’ आणि ‘लाडेगूट’ यांची कार्डं केली. पहिल्याची व्याख्या : एसएसने ज्यू पुरुष, स्त्रिया आणि मुलांना बंद गाडीत भरून इंजिनाचा धूर आत सोडून गुदमरवून मारणं. दुसऱ्याची : गाडीत भरलेली ही माणसं. प्रतिशब्दाचा रकाना या दोन कार्डांवर कायमचा रिकामा ठेवायचा, बाईही तयार झाल्या.

२० मे

आरिश, आरिअर. मराठी वाचकासाठी ही नोंद सगळ्यात लांब असणार, कारण तो हा शब्द घरून घेऊन येतो. शाळेच्या इतिहासात आर्य असतात, संस्कृत नाटकात ‘आर्य’ ही हाक असते, मुलाचं नाव आर्य असतं. मग नाझींचा ‘आरिअर’ वाचला की त्याला ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं. ही ओळख आधी बाजूला सारली पाहिजे, म्हणून नोंद कायद्यापासून सुरू केली.

७ एप्रिल १९३३चा सरकारी नोकरांसंबंधीचा कायदा आणि ११ एप्रिलचा त्याचा पहिला नियम : आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी एक जरी ज्यू असला तरी माणूस ‘अनार्य’. रक्त कसं तपासायचं? तपासलंच नाही. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या काढायला लावल्या. आजोबा कुठल्या धर्माच्या वहीत नोंदलेत ते पाहून नातवाचा ‘वंश’ ठरला. लाखो लोकांनी पाद्र्यांकडे अर्ज करून दाखले गोळा केले, त्या कागदांना आरिअरनाखवाइस म्हणत. म्हणून आमची व्याख्या : आरिअर, म्हणजे नाझी कायद्यानुसार ज्याच्या आजीआजोबांपैकी कुणाचीही ज्यू धर्मात नोंद नाही अशी व्यक्ती. वेद, भाषाकुळं, आर्यांचं मूलस्थान यांचा या व्याख्येशी संबंध नाही.

हाकेनक्रॉइत्ससाठी ‘स्वस्तिक’ लिहायचं की मूळ शब्द ठेवायचा? मूळ शब्द. जर्मन माणूसही त्याला ‘हुकांचा क्रूस’च म्हणतो.

१० जून

वृत्तपत्रांना रोज मिळणाऱ्या सूचना. बर्लिनमध्ये प्रचार मंत्रालयाच्या पत्रकार परिषदेत काय छापायचं, काय नाही आणि कुठला शब्द वापरायचा हे सांगितलं जाई. ऐकून लिहून घेतलेले कागद नष्ट करायचे असा दंडक होता. फ्रित्स झ्येंगर यांच्यासारख्या पत्रकारांनी ते केलं नाही, म्हणून आज हा साठा आहे. सूचनांसाठीचा शब्द ‘श्प्राखरेगेलुंग’, भाषेचं नियमन.

१९३९च्या उन्हाळ्यातली सूचना : ‘तिसरं राइख’ म्हणू नका. राजवटीने स्वतः वाढवलेला शब्द तिने स्वतःच बंद केला, आणि जगभर आजही तोच चालतो. त्याआधीची एक : ‘प्रोपागांडा’ हा आपल्यासाठी राखीव चांगला शब्द आहे, शत्रूच्या प्रचाराला तो लावू नका.

या सूचनांसाठी कार्डात सातवा रकाना हवा : ‘बंद केल्याची तारीख’. आमच्या संगणकवाल्या मित्राला सांगितलं. तो कुरकुरला आणि रात्रीतून करून दिला.

१ जुलै

आइनटोफवरून बाईंशी वाद. एका भांड्यात शिजवलेलं कालवण, आजही प्रत्येक जर्मन घरात होतं, कँटीनच्या फळ्यावर असतं. १ ऑक्टोबर १९३३पासून हिवाळ्याच्या महिन्यांत एक रविवार ‘आइनटोफ रविवार’ ठरला. घरोघरी आणि खानावळीत तेवढंच शिजवायचं आणि वाचलेले पैसे हिवाळी मदतनिधीला द्यायचे. पैसे न्यायला माणूस दारात येई. न दिल्यास कुणी दिले नाहीत हे इमारतीला कळे.

बाईंचं म्हणणं, असे शब्द घेतले तर कोश फुगेल आणि ‘एंडल्योझुंग’, म्हणजे ‘अंतिम तोडगा’, याच्याशेजारी कालवण वाचून लोक गोंधळतील. माझं म्हणणं, राजवट माणसाच्या स्वयंपाकघरात कुठल्या शब्दाने शिरली हे नोंदवलं नाही तर ती फक्त छावण्यांत होती असा समज होईल. शब्द घेतला. बाईंच्या आग्रहाने नोंदीत स्पष्ट लिहिलं की आज हा शब्द वापरणाऱ्यात काहीही वावगं नाही.

१८ जुलै

कैद्यांचे शब्द वेगळ्या विभागात. मारणाऱ्यांच्या आणि सोसणाऱ्यांच्या भाषेची सरमिसळ नको.

‘कानाडा’ : आउशवित्समध्ये आलेल्यांच्या लुटलेल्या सामानाची कोठारं. कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश, म्हणून कैद्यांनी पाडलेलं नाव. ‘ओर्गानिझीरन’ : छावणीच्या साठ्यातून अन्न, कापड, औषध हस्तगत करणं. सहकैद्याची भाकर उचलणं ही मात्र चोरी, त्याला हा शब्द नव्हता. कायदा संपलेल्या जागी कैद्यांनी शब्दांतून एक रेघ ओढून ठेवली होती.

ब्लुमेंताल यांनी हेही गोळा केलं. त्यांची पत्नी आणि मुलगा दोघंही मारले गेले होते. युद्धानंतर पोलंडमधल्या खटल्यांत ते तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. आरोपी म्हणत की कागदात तर फक्त ‘स्थलांतर’ लिहिलंय, तेव्हा त्या शब्दाखाली काय चालायचं हे कुणीतरी न्यायालयाला सांगणं भाग होतं. आमचा कोश अभ्यासाचा आहे, त्यांचा पुराव्याचा होता.

५ ऑगस्ट

एव्हाकुईरुंग, शब्दशः जागा रिकामी करून माणसं हलवणं. दोन उतारे पुरेसे आहेत.

पहिला : २० जानेवारी १९४२ची वानझे बैठक. इतिवृत्ताच्या ३० प्रतींपैकी सोळावी तेवढी टिकली, १९४७ साली परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. त्यात देशवार ज्यूंची संख्या आहे, एकूण १ कोटी १० लाखांहून जास्त. एस्टोनियापुढे आकड्याऐवजी शब्द आहे, ‘युडनफ्राय’, ज्यूमुक्त. सगळ्यांचं ‘पूर्वेकडे एव्हाकुईरुंग’ व्हायचं. श्रमात बरेचसे ‘नैसर्गिकरीत्या घटतील’, उरतील त्यांना ‘योग्य प्रकारे हाताळावं’ लागेल. १९६१ साली जेरुसलेममध्ये आइखमानने कबूल केलं की बैठकीत थेट ठार मारण्याबद्दल बोललं गेलं होतं. इतिवृत्त त्याने तयार केलं आणि हायड्रिखने त्यावर हात फिरवला.

दुसरा : ४ ऑक्टोबर १९४३, पोझेनमध्ये एसएस अधिकाऱ्यांपुढे हिमलरचं भाषण. ध्वनिमुद्रण आहे, मी ते ऐकलं. आवाज चढलेला नाही. तो म्हणतो, मी आता ज्यूंच्या एव्हाकुईरुंगबद्दल बोलतोय, ज्यू लोकांच्या आउसरोटुंगबद्दल. एका दमात दोन्ही शब्द, मध्ये फक्त स्वल्पविराम. कोशकाराला याहून स्पष्ट उतारा मिळणार नाही. शब्द वापरणाराच त्याची व्याख्या देतो आहे.

आउसरोटुंग, शब्दशः मुळासकट उपटून टाकणं, याला मराठीत काय? पहिल्या मसुद्यासाठी ‘निर्मूलन’ सुचलं होतं. पण आपल्याकडे निर्मूलन देवीचं, पोलिओचं, अंधश्रद्धेचं होतं, म्हणजे ते झालेलं बरं असतं. ज्यूंना रोग ठरवणारी भाषा नाझींची होती, ती आपल्या कोशात नको. ‘संहार’ घेतला.

२२ ऑगस्ट

उमझीडलुंग, म्हणजे एका जागेवरून हलवून दुसरीकडे वसवणं. २२ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, भिंतींवर लागलेलं जाहीरपत्रक समोर आहे. घेट्टोतल्या सर्व ज्यूंची पूर्वेकडे उमझीडलुंग होईल, जर्मन कारखान्यांत काम करणारे वगैरे अपवाद. प्रत्येकाने १५ किलो सामान न्यावं. मौल्यवान वस्तू, पैसे, दागिने बरोबर घेता येतील. तीन दिवसांचं खाणं घ्यावं. दुसऱ्या दिवशी ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुफ यांनी जीव दिला. काही दिवसांनी नवं पत्रक : जे स्वतःहून येतील त्यांना माणशी तीन किलो पाव आणि एक किलो जॅम. उपासमारीने काही लोक त्यासाठी आले. सप्टेंबरपर्यंत अडीच लाखांहून जास्त माणसं ट्रेब्लिंकाला नेली गेली. तिथे वसाहत नव्हती, गॅसच्या खोल्या होत्या.

कार्डाचा पहिला उतारा १५ किलोचा, दुसरा पावाचा. त्याखाली व्याख्या : एसएसने घेट्टोतल्या ज्यूंना आगगाडीने ट्रेब्लिंकासारख्या संहारकेंद्रात नेऊन बहुतेकांना पोचल्यापोचल्या मारणं. प्रतिशब्द ‘पुनर्वसन’ बाईंनी स्वतः खोडला.

‘उ’ या अक्षराखाली अजून उंटरमेन्श, म्हणजे ‘हीन माणूस’, राहिला आहे, तो सोमवारी घ्यायचा. त्यासाठी एसएसची १९४२ची पुस्तिका भाचीकडून येते आहे.